गाडी थांबवायची नेमकी कुठे? नॅव्हिगेशन ॲपमधले पिकअपचे थांबे

बावधनकर

नमस्कार मंडळी. हा धागा तंत्रज्ञानात टाकावा की वाहतुकीत ते कळेना, म्हणून इथेच टाकतोय. संपादकांना वाटलं तर त्यांनी हलवावा.

आम्ही काही जण मिळून पुण्यातल्या कंपन्यांच्या कर्मचारी वाहतुकीचं एक ॲप सांभाळतो. ड्रायव्हरच्या मोबाइलवर चालतं. नकाशा आणि आवाजी सूचना गुगलच्या नॅव्हिगेशन एसडीकेतून (दुसऱ्यांच्या ॲपमध्ये बसवायचा तयार संच) येतात. ट्रिपशीट, हजेरी, बिल वगैरे आमचं. बाकी सगळं बरं चाललंय, घोडं अडतंय ते गाडी थांबण्याच्या जागेपाशी.

कर्मचारी पिन टाकतो घरावर. रस्ता शोधणारं इंजिन तो पिन उचलतं आणि जवळच्या रस्त्याला चिकटवतं. वारज्यापासून बालेवाडीपर्यंत बायपासला लागून ज्या सोसायट्या आहेत, तिथे सर्व्हिस रोड मध्येच तुटतो आणि पुढे पुन्हा सुरू होतो. जिथे तुटलाय तिथे 'जवळचा रस्ता' म्हणजे खुद्द मुंबई-बेंगळुरू महामार्ग. सोसायटीची पाठ हायवेकडे, फाटक मागच्या गल्लीत. इंजिन फक्त अंतर मोजतं, मधली भिंत त्याच्या खिजगणतीत नसते. मग ताशी सत्तर-ऐंशीने जाणाऱ्या ड्रायव्हरला कानात ऐकू येतं, 'तुम्ही पोहोचला आहात.' मुरलेला ड्रायव्हर हसून पुढे जातो. नवखा पार्किंग लाइट लावून तिथेच कडेला घेतो, आणि मागून बल्कर (सिमेंटचा अवजड टँकर) येत असतो.

यावर काय उपाय आहेत ते शोधून झालंय. गुगलच्याच मार्गदर्शनात म्हटलंय की नुसते अक्षांश-रेखांश दिले तर बिंदू सर्वांत जवळच्या रस्त्याला चिकटतो. तो रस्ता त्या जागेत शिरायचा असेलच असं नाही, म्हणून शक्य तिथे प्लेस आयडी (गुगलने त्या जागेला दिलेली खूण) द्या. दुसरं म्हणजे वेपॉइंट (मार्गावरचा बिंदू) बनवताना 'व्हेइकल स्टॉपओव्हर' नावाचा एक पर्याय मिळतो. तो चालू केला की माणसं चढवायला-उतरवायला अयोग्य असलेल्या रस्त्यावर थांबा ठेवला जात नाही, जवळपासच्या योग्य रस्त्यावर सरकवला जातो. तिसरा पर्याय 'सेम साइड ऑफ रोड', म्हणजे पिन रस्त्याच्या ज्या अंगाला आहे त्याच अंगाला गाडी पोहोचेल असा मार्ग. शिवाय गाडी कोणत्या दिशेने यावी ते अंशांत सांगता येतं, पण ही दिशा आणि 'सेम साइड' एकाच वेळी देता येत नाही, दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं.

स्टॉपओव्हर चालू केल्यापासून हायवेवरचे थांबे जवळपास गेले. पण आता थांबा गुपचूप सरकतो. ड्रायव्हर मागच्या गल्लीत उभा, प्रवासी पुढच्या फाटकाशी, आणि दोघांचे एकमेकांना फोन. इथे वाहतूक, नकाशे, ड्रायव्हिंग यातली बरीच जाणकार मंडळी आहेत. थांबे ठरवायचे कसे, आणि ठरवायचे कोणी?

खडूस

एवढं डोकं कशाला शिणवायचं? ड्रायव्हर प्रवाशाला फोन करतो, 'कुठे येऊ' विचारतो, विषय संपला. अख्खा देश असाच चालतो.

चौथा गिअर

खडूसराव, तो फोन मी कुठून करतो? चालत्या गाडीतून. आणि समोरचा म्हणतो, 'अहो तिथेच थांबा ना, मी येतोच.' 'तिथेच' म्हणजे हायवेवर.

मी ॲप बनवणारा नव्हे, त्यावर गाडी चालवणारा. कंपनीची ड्युटी, सकाळची आणि रात्रीची शिफ्ट. पिन चुकतो हे कबूल, पण आम्हाला हायवेवर उभं कोण करतं सांगू? 'पोहोचलो' हे बटण. आधी माझी गाडी जिथे लावली होती त्यांच्या ॲपमध्ये पिनभोवती एक गोल असायचा. गाडी गोलात आली की बटण हिरवं. मग वेटिंगचं घड्याळ सुरू, आणि ठरलेला वेळ भरला की 'नो शो' टाकायची मुभा. पिन हायवेवर, म्हणजे गोलही हायवेवर. मी खाली सर्व्हिस रोडला पंपाच्या भिंतीला लागून नीट उभा, पण बटण आपलं करडं ते करडंच. मॅडम गाडीत येऊन बसल्या तरी ॲपच्या लेखी गाडी पोहोचलेली नाही. उशीर माझ्या नावावर, महिन्याच्या बिलात कपात.

मग पोरं काय करायची? हायवेवरूनच स्पीड कमी करून गोलातून जायची, चालत्या गाडीत अंगठ्याने बटण दाबायची, आणि पुढच्या उतारावरून खाली उतरून माघारी यायची. रोजचा कार्यक्रम.

तेव्हा थांबा सरकवाल तर तो गोलही सरकवा. नाहीतर ॲप तोंडाने सांगतं सर्व्हिस रोडला थांब आणि पैसे देतं हायवेवर थांबायचे. ड्रायव्हर पैशाचं ऐकणार.

बावधनकर

चौथा गिअर, हे फारच मोलाचं. आमच्याकडे गोल अजून मूळ पिनभोवतीच आहे. तो सरकलेल्या थांब्याभोवती घ्यायचं काम आजच यादीत टाकतो.

नकाशावेडी

मी ओपनस्ट्रीटमॅपवाली (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा, थोडक्यात ओएसएम), म्हणून त्या अंगाने लिहिते. गुगल न वापरता स्वतःचं इंजिन चालवणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो, आणि त्यांच्याकडे खटके (सेटिंग्ज) जास्त आहेत. ग्राफहॉपर, ओएसआरएम, वॅलहाल्ला ही अशी इंजिनं. ग्राफहॉपरमध्ये 'स्नॅप प्रिव्हेन्शन' म्हणून यादी देता येते, म्हणजे मोटरवे, ट्रंक, पूल, बोगदा, फेरी यांना बिंदू चिकटवू नकोस. 'कर्बसाइड' डावी की उजवी तेही सांगता येतं. ओएसआरएममध्ये 'ॲप्रोचेस'ला 'कर्ब' दिलं की गाडी कडेच्या अंगानेच येते. वॅलहाल्लात 'प्रेफर्ड साइड' आहे, आणि अमुक दर्जाच्या वरचे रस्ते वगळ, रॅम्प वगळ अशी गाळणीही लावता येते.

पण आपल्याकडे यात एक मोठी गोची आहे. भारतात ओएसएमवर एक्सप्रेसवे 'मोटरवे', राष्ट्रीय महामार्ग 'ट्रंक' आणि राज्य महामार्ग 'प्रायमरी' असे नोंदवले जातात. मोटरवे वगळणं बिनधोक आहे, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कुणाच्या घराचं फाटक उघडत नाही. पण ट्रंक वगळून बघा! शहराबाहेर महामार्गाला लागून जी गावं आहेत तिथे किराणा दुकान, दवाखाना, एसटीचा थांबा, शाळा, सगळ्यांची तोंडं थेट महामार्गावर. ट्रंक वर्ज्य केला की इंजिन थांबा नेतं मागच्या पाणंदीवर, आणि जुलैत त्या पाणंदीत ट्रॅक्टरसुद्धा रुततो. म्हणजे वारज्याला जो नियम हवा तो साताऱ्याच्या पुढे गेल्यावर उलटा पडतो. रस्त्याचा दर्जा सरकारी कागदावर ठरतो, आणि तिथे क्षणभर उभं राहता येतं का ते कडेची मुरुमाची पट्टी ठरवते. ही पट्टी अजून फारशी कुणी नकाशात नोंदवलेली नाही.

म्हणून माझं मत, इंजिनच्या खटक्यांआधी फाटकं नोंदवा. सोसायटीची भिंत, भिंतीतलं फाटक, आणि फाटकापासून रस्त्यापर्यंतचा तो पाच-दहा मीटरचा तुकडा. नवखे लोक फाटकाचा बिंदू टाकतात आणि तुकडा टाकत नाहीत. न जोडलेलं फाटक इंजिनसाठी असून नसल्यासारखं. काम कंटाळवाणं आहे, पण एकदा झालं की त्या सोसायटीत येणाऱ्या सगळ्यांना कामी येतं, कुरिअरवाल्यापासून रुग्णवाहिकेपर्यंत.

डांबरट

रस्ते बांधणीत हयात गेली, त्यामुळे चार गोष्टी सांगायचा मोह आवरत नाही.

फोनचं जीपीएस मोकळ्या आभाळाखाली साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतं. महामार्गाची लेन साडेतीन मीटरची. डावी लेन आणि सर्व्हिस रोड यांच्या मध्ये एक गटार आणि एक रेलिंग, इतकंच काय ते अंतर. त्यामुळे गाडी वर आहे की खाली हे ॲपला खात्रीने कळेल ही अपेक्षाच सोडा. उड्डाणपुलाची तीच तऱ्हा. गुगलने २०२४ च्या जुलैत भारतातल्या ४० शहरांत 'उड्डाणपुलावर चढा' हे आगाऊ सांगायला सुरुवात केली, ती बरी सोय आहे. पण आगाऊ सांगणं वेगळं आणि आता गाडी कुठे आहे हे ओळखणं वेगळं.

दुसरं, वेगाचा हिशेब. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. थांब्याच्या २०० मीटर आधी सूचना आली तर ड्रायव्हरच्या हातात ९ सेकंद. तेवढ्यात आरसा बघायचा, डाव्या लेनला यायचं, वेग उतरवायचा. आणि सर्व्हिस रोडचं तोंड असतं थांब्याच्या किती आधी? अर्धा किलोमीटर, कधी एक. ते तोंड हुकलं की मग थांब्याजवळ कितीही गोड आवाजात सांगा, उपयोग शून्य. म्हणून प्रत्येक थांब्याला त्याचं 'उतरायचं तोंड' वाटेतला बिंदू म्हणून जोडा. सूचना तिथली हवी.

तिसरं, चांगली जागा ओळखायची कशी? मागून येणाऱ्याला ती लांबून दिसली पाहिजे, म्हणजे वळणावर नको, चढ संपतो तिथे नको, झाडाआड नको. चौकाच्या अलीकडे थांबलं की सिग्नलच्या रांगेत अडकतो आणि डावीकडे वळणाऱ्यांना अडवतो, म्हणून चौक ओलांडून थोडं पुढे. पेट्रोल पंपाला आत यायचं आणि बाहेर पडायचं तोंड वेगळं असतं आणि रात्री उजेड असतो, त्यामुळे पंपवाल्याची हरकत नसेल तर त्याच्या कडेची जागा उत्तम. पीएमपीच्या थांब्यावर मात्र नको. बस आली की ती दुसऱ्या लेनमध्ये उभी राहते आणि म्हाताऱ्यांना रस्त्यात उतरावं लागतं.

आणि कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२ सरळ आहे: इतरांना धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभं ठेवायचं नाही. 'ॲपने सांगितलं' ही सबब त्यात नाही.

अवांतर: अटल सेतू सुरू झाला जानेवारी २०२४ मध्ये. २१.८ किलोमीटरचा पूल, थांबायला बंदी, आणि पहिल्याच आठवड्यात लोक सहकुटुंब कठड्याला टेकून फोटो काढत होते. त्यांना कुठल्या ॲपने थांबवलं नव्हतं, हेही लक्षात असू द्या.

मुक्ता_क

सगळे प्रतिसाद वाचले. गाडी सुरक्षित कुठे उभी राहील यावर छान चर्चा चाललीये. गाडीतून उतरणारी बाई सुरक्षित कुठे उतरेल यावर अजून एकही ओळ नाही.

मी दोन वर्षं रात्रपाळी केली. रात्री अडीचला तुमचा तो 'योग्य रस्त्यावर सरकवलेला' थांबा म्हणजे माझ्यासाठी बंद दुकानांच्या ओळीपुढून, कुत्र्यांच्या टोळीमधून, दिवा गेलेल्या सर्व्हिस रोडने एकटीने चालत जाणं. बल्करच्या दृष्टीने ती जागा उत्तम असेल. माझ्या दृष्टीने हायवेची कड परवडली, तिथे निदान गाड्यांचा उजेड असतो. (हायवेवर उतरवा असं म्हणत नाहीये, कृपया त्यावरून वाद नकोत.)

आणि यात कायदाही आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ नुसार रात्री साडेनऊनंतर सकाळी सातपर्यंत स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती लागते आणि संरक्षणासोबत घराच्या दारापर्यंत वाहतुकीची सोय द्यावी लागते. दारापर्यंत. 'जवळच्या सोयीच्या ठिकाणापर्यंत' नव्हे. त्यामुळे रात्रीचा थांबा ॲपने आपल्या मनाने सरकवणं हे नुसतं गैरसोयीचं नाही.

माझी सूचना अशी की प्रत्येक पत्त्याला दिवसाचा थांबा वेगळा आणि रात्रीचा वेगळा ठेवा. रात्रीचा म्हणजे सोसायटीच्या फाटकाच्या आत, वॉचमनच्या केबिनसमोर. आणि बाई फाटकातून आत जाईपर्यंत गाडी हलायची नाही, हेही थांब्याच्या माहितीत लिहा, ड्रायव्हरच्या भलेपणावर सोडू नका. चांगले ड्रायव्हर थांबतात, पण मागच्या पिकअपचा उशीर डोक्यावर असला की चांगल्यांचाही नाइलाज होतो.

चौथा गिअर

मुक्ताताई, +१. फक्त एक अडचण मांडतो. बऱ्याच सोसायट्यांत रात्री कॅबला आत सोडत नाहीत. वॉचमन म्हणतो, कमिटीचा नियम आहे. फाटकाबाहेर गल्ली एवढी चिंचोळी की रिव्हर्स घेत मुख्य रस्त्याला यावं लागतं. ॲपने काहीही सांगितलं तरी हा तिढा कमिटीनेच सोडवायचा.

मुक्ता_क

बरोबर आहे, आणि त्यासाठी कंपनीने कमिटीला एक पत्र द्यायचं असतं. आमच्या कंपनीने दिल्यावर आमच्याकडे प्रश्न मिटला. पण पत्र द्यायला हवं हे कंपनीला कधी कळलं? मी तक्रार केल्यावर. तुमच्या ॲपमध्ये 'फाटकात प्रवेश नाही' असा शेरा ड्रायव्हरला टाकता आला तर ती यादी आपोआप कंपनीकडे जाईल.

शून्य मैल

नागपूरहून. आमच्या वर्धा रोडवरची गंमत ऐका. ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर, खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. एकाच अक्षांश-रेखांशावर तीन मजले! खालच्या हॉटेलाचा पत्ता टाकून पुलावर चढलात की फोन मधल्या मजल्यावर 'पोहोचलात' म्हणून मोकळा. आमच्याकडचे कॅबवाले आता पत्ताच विचारत नाहीत, 'पुलाखालून येऊ का' एवढंच विचारतात.

समृद्धीचा विषय याहून गंभीर. ७०१ किलोमीटर, ताशी १२० ची मर्यादा. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंतचा टप्पा सुरू झाला तेव्हा पंप आणि खाण्याच्या सोयी अगदी तुरळक होत्या. जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला झाला. एवढ्या लांब, सरळ रस्त्यावर माणसाला थांबावं लागणारच. झोप येते, पोरांना शू लागते. सोयीची जागा किती पुढे आहे हे ॲपने वेळेत सांगितलं नाही तर माणूस कडेच्या पट्टीवर घेतो. आणि त्या वेगात कडेला उभी गाडी काय करते? ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ मिनीबस ट्रकवर आदळून १२ माणसं गेली, तो ट्रक तपासणीसाठी थांबवला होता अशा बातम्या होत्या. म्हणजे तिथे थांबण्याची जागा खुद्द यंत्रणेलाही नीट निवडता आली नाही म्हणायचं.

माझ्या मते लांब पल्ल्याच्या ॲपने 'पुढची थांबायची जागा इतके किलोमीटर, त्यानंतरची तितके' हे कायम पडद्यावर दाखवावं. शोधायला लावू नये. १२० च्या वेगात शोधायचं कसं?

राइनकाठ

जर्मनीत बारा-तेरा वर्षं गाडी चालवतोय. इथे ऑटोबानवर थांबायला बंदी आहे, अगदी कडेच्या पट्टीवरही. गाडी खरोखर बंद पडली तरच. पेट्रोल संपलं ही सबब चालत नाही, कारण ते टाळता आलं असतं असं धरतात. पण ही बंदी पाळली जाते त्याचं कारण दंडापेक्षा सोय आहे असं मला वाटतं. काही काही अंतरावर नुसत्या पार्किंगच्या छोट्या जागा असतात, झाडं आणि बाकडी असलेल्या. पाटी बऱ्याच आधी लागते. शून्य मैल म्हणतात ते ॲपच्या पडद्यावर यायला रस्त्यावर आधी जागा हवी.

खडूस

आलं का जर्मनी. मला वाटलंच होतं.

राइनकाठ

खडूसराव, तुमच्यासाठीच लिहिलं होतं :)

शाळेची घंटा

कंपनीच्या गाड्यांवर एवढी चर्चा झाली तर शाळेच्या बसबद्दलही लिहिते. मी एका शाळेच्या परिवहन समितीवर पालक प्रतिनिधी आहे. महाराष्ट्रात २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली ही समिती असायला हवी, आणि थांबे ठरवणं हे तिच्या कामात येतं. म्हणजे बावधनकरांच्या 'ठरवायचे कोणी' याला शाळांपुरतं तरी उत्तर तयार आहे.

आमच्याकडे आम्ही एकच नियम कडक ठेवला. मूल राहतं त्याच बाजूला बस थांबणार. समोरच्या बाजूला थांबवून मुलाला रस्ता ओलांडायला लावायचा नाही, मग बसला पुढून वळसा का पडेना. पहिली-दुसरीचं मूल बसच्या पुढून धावत निघालं तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ते दिसतच नाही. बसचा वाहतूकदार सुरुवातीला कुरकुरला, डिझेलचा हिशेब मांडला. मग समितीतल्या एका आजोबांनी त्याला सकाळी सातला त्या रस्त्यावर उभं केलं. पुढे काही बोलला नाही.

बावधनकर, तुमचा तो 'सेम साइड' पर्याय यासाठी वापरता येईल का?

बावधनकर

येईल, किंबहुना त्यासाठीच आहे. फक्त पिन टाकताना तो रस्त्याच्या मध्यरेषेवर टाकू नका, मुद्दाम त्या बाजूच्या फुटपाथकडे झुकलेला टाका. कोणती बाजू हवी हे इंजिन त्या झुकण्यावरूनच ओळखतं. पिन बरोबर दुभाजकावर पडला तर पर्याय चालू असून नसल्यासारखा. आणि दुभाजकातला कट नकाशात नसेल तर वळसा उगाच लांबचा दाखवेल, तो एकदा डोळ्यांनी तपासा.

आकडेमोड

एक शंका. एवढे थांबे हाताने कशाला ठरवायचे? गाड्यांच्या जीपीएसच्या नोंदी तुमच्याकडे असणारच. जिथे गाडी अर्धा मिनिट तरी उभी राहिली आणि त्यानंतर 'प्रवासी बसला' अशी नोंद झाली, त्या जागांचे पुंजके काढा. मुरलेले ड्रायव्हर जिथे थांबतात तीच चांगली जागा.

चौथा गिअर

आकडेमोड, आम्ही सिग्नलला पण अर्धा मिनिट थांबतो. चहाच्या टपरीवर तर पंधरा मिनिटं. तुमच्या हिशेबाने वाकडला टपरीसमोर सगळ्यात सुरक्षित थांबा निघेल.

आणि गंभीरपणे सांगायचं तर सगळे जिथे थांबतात ती जागा चांगलीच असते असं नाही. नवले पुलाच्या उतारावर दुसरी जागाच नाही म्हणून लोक थांबत आलेत. तिथले अपघात सगळ्यांना माहीत आहेत. सवयीचं पुंजकं काढाल तर तो उतारसुद्धा नकाशात थांबा म्हणून येईल.

दुसरं, ऋतू. मे महिन्यात पुलाखालची जागा सोन्यासारखी, सावली असते. जूनमध्ये पहिला पाऊस आला की तीस-चाळीस दुचाकीवाले पुलाखाली आडोशाला येतात, डावी लेन भरून जाते आणि माझ्या गाडीला रस्त्याच्या मधोमध उभं राहावं लागतं. तीच गत आठवडी बाजाराची. सहा दिवस रिकामी जागा, सातव्या दिवशी भाजीच्या पाट्या.

आकडेमोड

टपरीचा मुद्दा मान्य :) मग पुंजके फक्त 'इथे बघून या' म्हणून वापरा. आणि जिथे थांब्याची जागा आणि 'प्रवासी बसला' ची जागा यांत रोज फरक पडतो, ते थांबे आधी तपासा. तिथे काहीतरी बिनसलेलं असणार.

बावधनकर

बराच माल जमला. मधल्या दिवसांत काय केलं ते सांगतो.

घराचा पिन आणि गाडीचा थांबा ही आता दोन वेगळी खाती आहेत. पिन प्रवाशाचा, तो कुणी हलवायचा नाही. थांबा आमचा, आणि तो सहसा अनेकांना मिळून एकच असतो. त्यामुळे ड्रायव्हरला कुणाच्या घराचा नेमका पिन दिवसा दिसायची गरजही उरली नाही, हा फायदा आधी डोक्यात नव्हता. मुक्ताताईंच्या सूचनेप्रमाणे रात्रीचा थांबा वेगळा, आणि तो फाटकाशीच. इंजिनने तो सरकवला तर ट्रिप सुरू होण्याआधीच आमच्याकडे लाल खूण येते आणि माणूस बसून तो दुरुस्त करतो. दिवसाचा थांबा सरकला तर प्रवाशाला त्याच क्षणी नवा ठिपका, फाटकापासून चालायची वाट आणि अंदाजे मिनिटं दिसतात. ती वाट महामार्ग ओलांडून जात असेल तर थांबाच बाद.

गोल थांब्याभोवती घेतला, आणि गाडी वर हायवेवर आहे की खाली सर्व्हिस रोडला असा गोंधळ होतो तिथे 'पोहोचलो' बटण वेग जवळपास शून्य झाल्याशिवाय हिरवं होत नाही. चालत्या गाडीतून अंगठा मारायची सोय बंद. यावर काही ड्रायव्हर नाराज आहेत, पण वेटिंगची वेळ आता खऱ्या जागेवर मोजली जाते म्हणून कपातीच्या तक्रारी कमी आल्या.

डांबरटांचं 'उतरायचं तोंड' सगळ्या बायपासच्या थांब्यांना जोडलं. चांदणी चौकाने अजून घाम फोडलाय. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे रॅम्प सुरू झाले तेव्हापासून तिथे मुळशीकडून येणारा, कोथरूडकडून येणारा आणि बायपासवरून उतरणारा, तिघांना एकाच सोसायटीसाठी तीन वेगळी तोंडं लागतात. एक थांबा, एक तोंड हा हिशेब तिथे बसत नाही. येण्याच्या दिशेप्रमाणे तोंड बदलायची सोय करतोय.

डांबरट

चांदणी चौकात थांबा रॅम्पवर चुकूनही येऊ देऊ नका. रॅम्पवर मागचा वेग पकडत असतो, नजर आरशात असते. थांबे चौकाच्या पलीकडे न्या आणि चालायची वाट पादचारी पुलावरून द्या.

नकाशावेडी

बाणेर ते वारजे या पट्ट्यातली फाटकं ओएसएमवर टाकायला मी आणि आणखी दोघी येत्या रविवारी सकाळी निघतोय. ओएसएमवर नोंदी टाकायचं ॲप फोनमध्ये असेल तर कुणीही यावं, शिकायला अर्धा तास पुरतो. सुरुवात बालेवाडीच्या टोकाकडून. बावधनकर, तुमच्या लाल खुणांची यादी मिळाली तर आधी त्याच सोसायट्या घेऊ. नुसती सोसायट्यांची नावं पुरेत, प्रवाशांची माहिती नको.

बावधनकर

यादी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. मीही येतोय. थांब्यांचे फोटोही काढू म्हणतो, ड्रायव्हरला पडद्यावर थांबा ओळखता यावा म्हणून.

चौथा गिअर

फोटो काढणार असाल तर फुटपाथवर उभं राहून काढू नका. आम्हाला जागा तशी दिसतच नाही. गाडीतून, ड्रायव्हर शेजारच्या सीटवरून, थांब्याच्या पन्नास-साठ मीटर आधी काढा. आणि एक दिवसा, एक रात्री. वारज्याच्या पंपाचा बोर्ड दिवसा लांबून दिसतो, रात्री त्याचे दिवे गेलेले असतात, तिथे पुढच्या मेडिकलचा हिरवा क्रॉस बघून आम्ही गाडी आत घेतो.

बावधनकर

रात्रीचा फोटो डोक्यातच आला नव्हता. तुमची ड्युटी नसेल तर रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन याल का? डिझेल आमच्याकडे.

चौथा गिअर

साडेसातनंतर मोकळा आहे. बालेवाडी स्टेडियमच्या फाटकाशी या, बाहेर नाही, आत पार्किंगला.